वनहक्क कायदा: पट्टे किती वाटले हे मोजायचं, की जंगल कोणाच्या हातात आहे हे?

करवंद:
सप्टेंबर २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांत मूळनिवासी जनसमूहांच्या हक्कांचा जाहीरनामा आला, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं. सोबत पुस्ती जोडली, की आमच्याकडे सगळेच मूळनिवासी. म्हणजे मत देऊन मोकळे! त्यामुळे आदिवासींच्या हक्कांबाबत केंद्राला जोखायचं तर आपल्याच वनहक्क कायद्यावर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जंगलात राहणाऱ्यांना तिथल्या जमिनीवर आणि जंगलावर हक्क देणाऱ्या कायद्यावर. कायदा २००६ चा, नियम जानेवारी २००८ पासून.

केंद्र सरकार प्रगती सांगतं ती पट्ट्यांच्या, म्हणजे कसत्या वनजमिनीच्या हक्काच्या कागदांच्या, आकड्यांत. पट्टा हवाच, फॉरेस्ट प्लॉट कसणाऱ्याच्या मागचा ससेमिरा त्याने सुटतो. पण या कायद्याचा खरा दात सामूहिक वनहक्कात आहे: जंगल राखायचं कसं, त्यातलं विकायचं काय, हे ग्रामसभेने ठरवायचं. तिथे मात्र हात आखडता. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हक्क मिळाला, तरी बांबूचा वाहतूक परवाना वनविभाग देईना. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले, तेव्हा परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. कायद्यात स्वच्छ लिहिलेली गोष्ट मिळवायला दिल्लीहून मंत्री धानोरा तालुक्यात यावा लागत असेल, तर बाकीच्या गावांनी कोणाची वाट पाहायची?

सागवान:
एकच बाजू मांडलीत. जमिनीवर १३ डिसेंबर २००५ आधीपासूनचा ताबा हवा, ही कायद्याचीच अट. प्रत्यक्षात त्यानंतर झाडं तोडून शेतं काढली गेली. रावेरच्या पलीकडे, मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात २०२२-२३ च्या हंगामात केवढी जंगलतोड झाली ते आठवा. पट्ट्याच्या आशेवर जंगल साफ होतंय आणि तुम्हाला वनविभागाचा कडकपणा खुपतो. शिवाय दावे निकाली काढणं राज्यांचं काम, केंद्राला कशाला धरता?

करवंद:
बुऱ्हाणपूरचं अर्धंच सांगितलंत. तोड थांबवा म्हणून कलेक्टर कचेरीवर मोर्चे नेले ते तिथल्याच आदिवासींच्या संघटनेने, आणि त्यांचा आरोप होता की वनविभाग तोड होऊ देतोय.
केंद्राचं म्हणाल, तर १३ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने दावे फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला. लाखो कुटुंबांचा प्रश्न. देशभर ओरड झाल्यावर केंद्र कोर्टात धावलं आणि २८ तारखेला स्थगिती मिळाली. कायदा तुमचा, तर आधीच ठामपणे बाजू का नाही मांडली?

माजी_तलाठी:
टेबलाच्या आतल्या बाजूने सांगतो. पुराव्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाबही चालतो, हे नियमात आहे. पण तालुक्याला फाइल गेली की पहिला प्रश्न: दंडाची पावती आहे का? गंमत बघा, गार्डाने ज्याच्यावर अतिक्रमणाची केस केली, त्याच्याकडे पक्का पुरावा. ज्याने कोंबडी देऊन मिटवलं, त्याच्याकडे काहीच नाही! कित्येक दावे असे पडलेत. खोटे दावेही पाहिलेत, नाही असं नाही. पण ते ओळखायला जागेवर जाऊन मोजणी करावी लागते, त्याला माणसं कुठून आणायची?

चौकस:
मेंढ्याचं उदाहरण किती वर्षं पुरवणार? तिथे देवाजी तोफांसारखा गावचा नेता होता, मोहन हिराबाई हिरालालांसारखा कार्यकर्ता होता, अभ्यासगट होता. असं गाव लाखात एक. बाकीच्यांना रस्ता, घरकुल, पाणी हवंय. २०२३ मध्ये सर्वात मागे राहिलेल्या आदिवासी गटांसाठी केंद्राची पीएम-जनमन योजना आली, सुमारे २४ हजार कोटींची, त्यात आपले कातकरी, कोलाम, माडिया गोंडही आहेत. कातकरी वस्तीवर पक्कं घर उभं राहणं ही प्रगती नाही?

करवंद:
घर मिळतंय तर आनंदच आहे. पण योजना सरकार देतं आणि सरकार बंदही करतं. हक्क तसा काढून घेता येत नाही. आणि लाखात एक कशाला, चंद्रपूर जिल्ह्यातलं पाचगाव घ्या. सामूहिक हक्क मिळाल्यावर बांबूवर उत्पन्न उभं केलं आणि तेंदूपत्त्याची तोड ग्रामसभेने स्वतःहून बंद केली, कारण त्यापायी फांद्या छाटतात, वणवे लागतात. रोख पैसा सोडला त्यांनी. वनविभागाने सोडला असता का?
माझा मूळ आक्षेप २०२२ च्या वनसंवर्धन नियमांवर आहे, म्हणजे जंगलाची जमीन खाणी-प्रकल्पांना कशी द्यायची या नियमांवर. २०१३ मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइट खाणीला नाही म्हटलं आणि ते टिकलं. २०२२ च्या नियमांनी केंद्राची मंजुरी आधी, वनहक्कांची पूर्तता नंतर राज्याने बघायची. मंजुरीचा कागद आल्यावर ग्रामसभेच्या 'नाही'ला काय किंमत? अनुसूचित जमाती आयोगानेही तेव्हा हरकत घेतली होती.

सागवान:
मग खाणी काढायच्याच नाहीत? गडचिरोलीतल्या सूरजागडच्या लोहखाणीमुळे एटापल्लीच्या पोरांना काम मिळालंय. त्यांनाही विचारा एकदा.

करवंद:
विचाराच की. ग्रामसभेत विचारा, मंजुरीच्या आधी.

माजी_तलाठी:
भांडण चालू द्या, पण कोणाच्या गावात दावे फेटाळले असतील तर एवढं बघा: नकार कारणासह लेखी मिळाला पाहिजे आणि वरच्या समितीकडे अपिलाला ६० दिवस असतात. आपल्या राज्यात अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून जिल्हा समितीच्या नकारावरही विभागीय समितीकडे जाता येतं. बऱ्याच जणांना हे कोणी सांगतच नाही.