बाळाची टाच टोचायची की आधी ताट भरायचं? बेळगाव जिल्ह्यातल्या नवजात तपासणीवर तुमचं मत हवंय

खानापूरची आत्या

मंडळी, जरा लांब लिहितेय. पण वाचा, आणि पटलं नाही तर स्पष्ट सांगा.

माझ्या भावाचं पहिलं बाळ नवव्या दिवशी गेलं. जन्मलं तेव्हा वजन पावणेतीन किलो आणि रडणं खणखणीत. चौथ्या दिवसापासून दूध ओढेना. मग अंग कधी चिंधीसारखं सैल पडायचं, तर कधी पाठ धनुष्यासारखी ताठ व्हायची. लंगोटाला गोड वास यायचा, गुऱ्हाळात काकवी उकळताना येतो अगदी तसा. आई म्हणाली, सून मेथीचे लाडू खातेय, दुधातून उतरला असेल वास. आम्हाला सगळ्यांना ते पटलं, आणि तिची चूक म्हणता येणार नाही. मेथीचा वास ज्या द्रव्याचा असतो, त्या सोटोलोनचाच वास बाळाच्या आजारात (नाव पुढे सांगते) लघवीला येतो. बाळंतपणात आईने मेथी खाल्ली म्हणून धडधाकट बाळाला असा वास आल्याच्या नोंदीही डॉक्टरांनी केल्या आहेत. आमच्याकडे मात्र बाळ आजारी होतं आणि आम्ही मेथीवर विसंबलो. दवाखान्याच्या कागदावर 'जंतुसंसर्ग' एवढाच शब्द होता.

दुसऱ्या खेपेला एका बालरोगतज्ज्ञांनी पहिल्या बाळाची हकीकत नीट ऐकून घेतली. तिसऱ्या दिवशी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब जाड कागदावर घेतले, वाळवले आणि पाठवून दिले. निदान आलं, मेपल सिरप युरिन डिसीज. प्रथिनातली ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं शरीराला मोडता येत नाहीत, ती साचतात आणि मेंदूवर उठतात. आईच्या दुधातही प्रथिन असतंच, म्हणून पहिल्या आठवड्यातच बाळ कोसळतं. माझा भाचा आज चार वर्षांचा आहे. बोलतो, धावतो, हट्ट करतो. त्याची पावडर वेगळी, भात वजनकाट्यावर मोजून.

माझी मागणी एवढीच, की जिल्ह्यातल्या प्रत्येक बाळाची ही टाचेची तपासणी ४८ ते ७२ तासांत व्हावी, सरकारी असो की खासगी, आणि फुकट व्हावी. हे काही कालचं तंत्र नाही. रॉबर्ट गथ्री यांनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला फिनाइलकीटोन्यूरिया या अशाच एका, प्रथिनातलं एक अमिनो आम्ल न मोडण्याच्या आजारासाठी ही कागदावरची पद्धत बसवली आणि १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने तिचा कायदा केला. शेजारच्या गोव्याने २००८ मध्ये सरकारी तपासणी सुरू केली होती. केरळमध्ये सरकारी रुग्णालयांत होते. चोर्ला घाट उतरला की गोवा. मग आपल्याकडे का नाही?

अंगणवाडीताई, चिकोडी

आत्या, तुमचं दुःख मोठं आहे. तरी मी विरोधात लिहिणार.

मी रोज मुलांची वजनं करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत कर्नाटकातली पाच वर्षांखालची साधारण ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. रक्तक्षय तर शंभरात ६५ मुलांना. तुमच्या भाच्याचा आजार जगात सरासरी दोनेक लाख बाळांमागे एकाला होतो. माझ्या यादीतल्या ऊसतोडीला जाणाऱ्या आयांची पोरं सहा महिने दिसतच नाहीत, परत येतात तेव्हा दंडाचा घेर बघवत नाही. पैसा एकच आहे. तो दोन लाखांतल्या एकासाठी आधी, की तिघांतल्या एकासाठी?

खानापूरची आत्या

ताई, हिशेब फक्त आमच्या आजाराचा धरू नका. त्याच थेंबावर थायरॉइड कळतं. जन्मजात थायरॉइडची कमतरता आपल्या देशात हजारेक बाळांमागे एकाला असते. जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४७ लाखांवर होती. वर्षाला सत्तर हजार जन्म धरले तरी सत्तर मुलं झाली. दरवर्षी. यांना लागते रोजची एक स्वस्त गोळी. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केली तर मूल इतरांसारखं शिकतं. नाही केली तर तेच मूल पुढे तुमच्या अंगणवाडीत 'उशिरा बसलं, उशिरा बोललं' म्हणून येतं आणि तुम्ही त्याला अंडं देत राहता.

हुक्केरीचा शेतकरी

माफ करा, पण मुळावर कुणीच बोलेना. तुम्ही तपासणी तपासणी काय सांगूलालासा? नात्यातली लग्नं थांबवा की. त्याच सर्वेक्षणात कर्नाटकातली साधारण चारातली एक बाई नवऱ्याच्या नात्यातली निघाली आहे. मामा-भाचीचं लग्न अजून होतंय. रोग तिथूनच येतो. ते थांबवायला एक पैसा लागत नाही.

खानापूरची आत्या

हो, माझ्या भावाला सख्ख्या मामाची मुलगी केली आहे. लपवत नाही. पहिलं बाळ गेलं तेव्हा हेच बोललं गेलं आणि बोलणी खाल्ली ती वहिनीने एकटीने. वास्तविक आईबाप दोघांकडून जनुकाची एकेक बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो, म्हणजे दोष अर्धा आमच्या घरचा. दर गरोदरपणात धोका चारांत एक. तुमचा मुद्दा खोटा नाही. पण नातं टाळलं तरी आपण लग्न पोटजातीतच करतो, पंधरा-वीस गावांत. शिवाय जी लग्नं होऊन गेली त्यांची बाळं उद्या जन्मणार आहेत. त्यांना काय सांगायचं?

पथ्यवाली (मूळ निपाणी)

मी बालरुग्णांची आहारतज्ज्ञ. माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे आणि तो कडक आहे. तपासणी करायची आणि पुढे अन्न द्यायचं नाही, हा आईवर अन्याय आहे.

निदान झालं की लागतं काय ते बघा. त्या तीन अमिनो आम्लांशिवायची पावडर, ती बहुतेक परदेशातून येते. दर महिन्याला लागते, आणि आयुष्यभर. दर थोड्या दिवसांनी ल्युसिनची पातळी. ताप आला, उलटी झाली, मूल उपाशी राहिलं, की शरीर स्वतःचेच स्नायू मोडायला लागतं आणि ल्युसिन चढतं. त्या वेळी प्रथिन तात्पुरतं बंद करून भरपूर उष्मांक तासातासाला द्यावे लागतात, आणि ते जमलं नाही तर शिरेतून साखर. खानापूरच्या जंगलपट्टीत रात्री दोन वाजता हे कोण करणार? २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात विशेष आहाराने आवरणारे आजार दुसऱ्या गटात आहेत, ठरलेल्या केंद्रांतून ५० लाखांपर्यंत मदतीची तरतूदही पुढे झाली. पण कर्नाटकाचं केंद्र बेंगळुरूला. बेळगावहून पाचशे किलोमीटर.

ज्यांना ते अंतर कापता येणार नाही, त्या आईच्या हाती तुम्ही फक्त आजाराचं नाव देणार. मी अशा आया पाहिल्या आहेत. एकीने मला विचारलं होतं, बाई, कळलं नसतं तर बरं झालं असतं का? मला उत्तर देता आलं नाही.

सीमावासी

बेंगळुरू लांब, तर मुंबईला केईएम रुग्णालयाचं केंद्र आहे. महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी फुले जनआरोग्य ही मोफत उपचारांची योजना लागू केली, कर्नाटकाने तिला हरकत घेतली. दोन राज्यांच्या भांडणात आमची पोरं.

पथ्यवाली (मूळ निपाणी)

ती योजना दवाखान्यात दाखल झालेल्यासाठी आहे. आपला प्रश्न घरातल्या डब्याचा, रोजच्या पावडरीचा. दोन्ही राज्यांनी तो सोडवलेला नाही. या धाग्यावर सीमाप्रश्न नको, हात जोडते.

मास्तर, अथणी

मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवतो. एक गोष्ट सांगाविशी वाटते. आपण ज्वारी खाणारी माणसं. ज्वारीच्या प्रथिनात ल्युसिन फार असतं. हैदराबादच्या गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये दख्खनच्या ज्वारी खाणाऱ्या गरिबांतल्या पेलाग्राचा, म्हणजे नायसिन या जीवनसत्त्वाच्या कमतरतेच्या आजाराचा, संबंध या ल्युसिनशी जोडला होता. त्या मतावर पुढे बरेच वाद झाले, पण ज्वारीत ल्युसिन जास्त हे खरंच. म्हणजे आत्यांच्या भाच्याला भाकरी ही भातापेक्षा जड. इंग्रजी तक्त्यात पाव आणि बटाटा असतो. आपल्या भाकरीचा, आंबोळीचा, मक्याच्या कणसाचा हिशेब कुणी मांडून द्यायचा?

आणि हे काम बेळगावला जमणार नाही असं नाही. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून आईला पोषक पूरक आहार देण्याच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात इथल्या खेड्यांतून काम केलं. ग्वाटेमाला, काँगो आणि पाकिस्तानबरोबर. पूरक आहार घेतलेल्या आयांची बाळं लांबीला सरस निघाली. ताई, हा तर तुमच्याच बाजूचा पुरावा झाला. पण त्यातून हेही दिसतं, की खेडोपाडी जाऊन मोजमाप ठेवणारी माणसं इथे तयार आहेत.

गोकाककर

मोजमाप ठेवणारी आहेत, खरं आहे. पण आमच्या बायकांची सही कुठल्या कागदावर घेतली ते त्यांना वाचता येतं का? बाळाचं रक्त कागदावर वाळलं की वर्षानुवर्षं टिकतं. त्यातून जनुकं वाचता येतात. ते कपाटात कुणाच्या राहणार, पुढे कुणाला देणार? सक्तीची तपासणी मला मान्य नाही. आधी संमतीपत्र मराठी आणि कन्नडमध्ये, आणि उरलेला कागद नष्ट करायची तारीख त्यावर छापलेली हवी.

खानापूरची आत्या

गोकाककर, हे मी मागणीत घालते. आमचा कागद कुठे आहे हे आम्हीही कधी विचारलं नाही.

पथ्यवाली बाई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. रात्री झोप आली नाही. म्हणून मागणी बदलते आहे. पन्नास आजारांची यादी एकदम नको. ज्यांचा उपाय आज तालुक्यात पोचवता येतो, ते आधी. थायरॉइडची गोळी. बायोटिनिडेजच्या कमतरतेला, म्हणजे शरीराला बायोटिन हे जीवनसत्त्व नीट वापरता येत नाही त्या आजाराला, रोज ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन, बस्स. गॅलॅक्टोसेमियाला, म्हणजे दुधातल्या साखरेचा एक भाग न मोडण्याच्या आजाराला, आईचं आणि गाईचं दूध थांबवून सोयाची पावडर, ती औषधाच्या दुकानात मिळते. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीच्या जन्मजात दोषाला हार्मोनच्या गोळ्या. आमचा आजार या यादीत बसत नाही, हे लिहिताना हात थांबला. पण जिल्हा रुग्णालयात पावडरीचा साठा आणि एक आहारतज्ज्ञ बसल्याखेरीज तो यादीत घालू नये, हे मला पटलं आहे. साठा ठेवायची मागणी मात्र सोडणार नाही.

अंगणवाडीताई, चिकोडी

माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पहिला रुपया मी अजूनही ताटालाच देईन. पण एक विचारते. क्षीरभाग्य योजनेत आम्ही प्रत्येक मुलाला १५० मिलिलिटर दूध देतो. नको म्हटलं तरी समजावून पाजतो, तसंच शिकवलंय आम्हाला. तुमचा भाचा माझ्या अंगणवाडीत असता तर?

खानापूरची आत्या

ताई, त्या एका पेल्यात पाचेक ग्रॅम प्रथिन असतं, म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या आसपास ल्युसिन. त्याचा दिवसभराचा वाटा तेवढाच आहे. सकाळी तुमचं दूध प्यायला तर घरी भाताचं शीतही देता येणार नाही. वर शेंगदाण्याची चिक्की दिली तर संध्याकाळपर्यंत पेंगायला लागेल.

आमच्या अंगणवाडीच्या बाईंना सुरुवातीला वाटलं, घरचे लाड करतात म्हणून दूध देऊ देत नाहीत. मग वहिनीने एक पुठ्ठा लिहून भिंतीला लावला, वर कन्नड, खाली मराठी. दूध नाही, अंडं नाही, चिक्की नाही, डाळ नाही. साबुदाण्याची खीर पाण्यातली, डबा घरून येईल. ताप आला तर लगेच फोन.

पथ्यवाली (मूळ निपाणी)

तो पुठ्ठा फोटो काढून इथे टाका. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नसतंच, म्हणून तो बरोबर आहे. पण खिचडीत कूट पडू देऊ नका, हेही त्यावर लिहा. मी बाकीच्या आजारांसाठी तसेच पुठ्ठे तयार करते. कन्नड कोण तपासून देईल?

अंगणवाडीताई, चिकोडी

मी देते. अक्षर मोठं ठेवा, आमच्या मदतनीस बाईंना चष्मा नाही.