मनोरुग्णालयातल्या सिस्टरना कराटे शिकवायचे म्हणे!

रात्रपाळी:
कालपासून एक पोस्ट फिरतेय. मनोरुग्णालयात रुग्णाने एका सिस्टरला ढकललं, तिचं मनगट मोडलं. त्यावर कुणा गृहस्थांचा सल्ला असा की "वेडा माणूस कधी उसळेल सांगता येत नाही, तेव्हा अशा वॉर्डात दणकट ब्रदरच ठेवा आणि मुलींना आधी कराटे शिकवा." आमच्या कॉलेजच्या ग्रुपवरही लोकांनी अंगठे दाखवले, म्हणून डोकं फिरलं.

अकरा वर्षं याच वॉर्डात काढलीत. "सांगता येत नाही" हेच मुळात खोटं. बहुतेक वेळा सांगता येतं, बघणारं कुणी नसतं.

मी खाल्लेली पहिली थप्पड नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यातली. रुग्ण दुपारपासून खाट ते दार येरझाऱ्या घालत होता. जेवणाचं ताट तसंच पडलेलं. दोनदा येऊन विचारून गेला, "भाऊ आला का?" दोन्ही वेळा मी रजिस्टरातून मान वर न करता "येईल" म्हटलं. तिसऱ्या वेळी आवाज चढला होता, तर मी वर "आधी गोळी घे, मग बघू." शिवाय उभी कुठे? कोपऱ्यात. दाराकडे जायच्या वाटेवर तो. आता मोजा माझ्या चुका. यात कराटे कुठे बसतं?

रुग्ण उसळेल का हे आधी ओळखायचा नॉर्वेचा ब्रोसेट तक्ता आहे. सहाच गोष्टी बघायच्या: गोंधळलाय का, चिडचिड, दंगा, तोंडी धमकी, अंगावर धावून जाण्याचा आव, वस्तूंची आदळआपट. दिसलं तर एक, नाही तर शून्य. बेरीज तीन किंवा वर गेली की पुढचे २४ तास डोळ्यांत तेल घालायचं. आणि जो रोजच ओरडतो त्याच्या ओरडण्याला गुण नाही. नेहमीपेक्षा वाढलं तरच एक. म्हणजे आधी त्याचं नेहमीचं माहीत हवं. जीएनएमची (नर्सिंग पदविकेची) मुलगी पोस्टिंगला येते ती केस हिस्टरी उतरवून जर्नल पूर्ण करण्यात संपते. हे तिला दाखवणार कोण?

निवृत्त_इन्चार्ज:
छान निबंध. तक्ता भरायला माणूस आणणार कुठून? माझ्या वॉर्डात रात्री साठ रुग्ण, एक सिस्टर, एक मामा म्हणजे कक्षसेवक. मामा चहाला गेला की सिस्टर एकटी. आणि ट्रेनिंग मी खूप पाहिलीत. दीपप्रज्वलन, साहेबांचं भाषण, समोसा, सर्टिफिकेट. दोन दिवस वॉर्ड आणखी रिकामा. जगभरचे अभ्यास तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचा २०२० चा आढावाही सांगतो की प्रशिक्षणाने कर्मचाऱ्यांचं ज्ञान वाढतं, दृष्टिकोन सुधारतो, पण हल्ले कमी होतात याला भक्कम पुरावा नाही. आधी माणसं द्या, मग शिकवा.

आणि वेणी धरली तर काय, तक्ता भरत बसणार?

रात्रपाळी:
वेणी धरली तर दोन्ही हातांनी त्याचा हात आपल्याच डोक्यावर गच्च दाबायचा, मान मागे ओढायची नाही. हे मला ना कॉलेजने शिकवलं ना तुमच्यासारख्या इन्चार्जने. एका मावशीने शिकवलं, केस विंचरता विंचरता. ती कंत्राटी होती, पुढच्या वर्षी काढली.

भावाची_बहीण:
तुमचं चालू दे. मी दुसऱ्या बाजूची. माझा भाऊ भरती होता, कुठे ते सांगत नाही. चौथ्या दिवशी भेटायला गेले तर दोन्ही हात पट्टीने खाटेला बांधलेले. कागदावर "अस्वस्थ, आक्रमक". तो मला एकच सांगत होता, "ताई, पाय थांबत नाहीत." बसला की उठायचा, उठला की चालायचा, बसवायला जाणाऱ्याचा हात झटकायचा. मग इंजेक्शन. मग आणखी चालायचा, मग आणखी इंजेक्शन. आठवड्याने एक नवे डॉक्टर आले, पाचेक मिनिटं त्याच्या पायांकडे नुसते बघत राहिले आणि म्हणाले, ही औषधाचीच बेचैनी आहे. इंजेक्शन बंद, प्रोप्रानोलॉल सुरू. दोन-तीन दिवसांत माणूस खाटेवर बसून माझ्याशी बोलला.

सहा रकान्यांत हा कुठे बसतो?

रात्रपाळी:
चिडचिडीत बसवला असता आणि चुकले असते. मान्य. अकाथिसिया, म्हणजे ही औषधाची बेचैनी, वेगळा शिकवायलाच हवा.

निवृत्त_इन्चार्ज:
ताई, वाईट झालं. पण साठांत एक सिस्टर असताना बांधायचं नाही तर काय करायचं तेही सांगा. नातेवाईक भरती करून जातात आणि दिवाळीलाही फिरकत नाहीत. इतकी काळजी होती तर घरी सांभाळायचं होतं.

भावाची_बहीण:
घरी सांभाळला. नऊ वर्षं. आई त्यातच गेली. तुम्ही कोण मला विचारणारे?

रात्रपाळी:
इन्चार्ज, हे जरा जास्त झालं. आणि २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उघडा, कलम ९७. बांधायचं तर दुसरा मार्गच नाही आणि धोका समोर उभा आहे तेव्हाच, तेही डॉक्टरांच्या परवानगीने, कारण आणि वेळ लिहून. शिक्षा म्हणून नाही, धाकासाठी नाही, आणि माणसं कमी आहेत म्हणून तर नाहीच. हे त्या कलमात लिहिलंय.

निवृत्त_इन्चार्ज:
कायदा दिल्लीत लिहितात. रात्री दोन वाजता वॉर्डात मी असायचो.
घरी सांभाळण्याचं बोललो ते मागे घेतो. बाकीचं नाही.

लीड्सकर:
मी मूळचा मिरजेचा, इथे इंग्लंडात मानसोपचार वॉर्डावर ब्रदर आहे. सेफवॉर्ड्स म्हणजे वॉर्डातले तंटे कमी करायची इथली पद्धत, लेन बॉवर्स या संशोधकांची. तिची चाचणी २०१५ साली छापून आली. ३१ वॉर्ड. हाणामारी, पळून जाणं, स्वतःला इजा असे प्रसंग सुमारे १५ टक्क्यांनी घटले, धरणं-कोंडणं-इंजेक्शन सुमारे २६ टक्क्यांनी. त्यात कराटे नाही. एक भाग फक्त एवढाच की वाईट बातमी कशी द्यायची: रजा नामंजूर, भेटायला कुणी येणार नाही. रात्रपाळीताई, तुमचा तो "भाऊ आला का" तोच. "येईल" म्हणण्याऐवजी शेजारी बसून "फोन लावला होता, आज नाही जमणार म्हणाला, तुला वाईट वाटणार" एवढं सांगितलं असतं तर थप्पड कदाचित टळली असती.

निवृत्त_इन्चार्ज:
आले लंडनवाले. तिकडे वॉर्डात माणसं जास्त, पगार पौंडात. उपदेश सोपा आहे.

लीड्सकर:
लीड्स. आणि मार इथेही बसतो, माझा पुढचा दात नकली आहे. इथेही धरून दाबण्यात माणसं मेलीत. ओलासेनी लुइस २०१० साली गेला, पोलिसांनी दाबून धरलं होतं, तेही रुग्णालयात. त्याच्या आई-बापाने लढून मनोरुग्णालयातल्या बळाच्या वापरावर २०१८ चा कायदा करवला. शहाणपण पौंडांनी आलेलं नाही.

कक्षसेवक_७:
सगळे शिकलेले बोलले, आता मामाचं ऐका. आमच्याकडची निम्मी भांडणं तंबाखूची. भरतीच्या वेळी खिशातली पुडी, चुन्याची डबी काढून घेतात. वीस वर्षं रोज आठ वेळा मळणारा माणूस. दुसऱ्या दिवशी हात थरथरतो, तिसऱ्या दिवशी शेजाऱ्याचं ताट उडवतो. कागदावर लिहितात आजार वाढला. मी चिमूटभर देतो. गप बसतो, झोपतो. गुन्हा असेल तर असो.

रात्रपाळी:
गुन्हाच आहे, मामा. चिमूट देऊन तुम्ही बाजार मांडता. मग एक चिमूट म्हणजे एक अंडं, मग ज्याच्याकडे द्यायला अंडं नाही तो मार खातो. मी पाहिलंय.

कक्षसेवक_७:
अंडं मी घेत नाही. आणि सिस्टर, तुम्ही रात्री चहा दोनदा पिता.

पीजी_दुसरं_वर्ष:
मामांचं निरीक्षण चुकीचं नाही. निकोटिन तुटलं की चिडचिड, बेचैनी, झोप उडणं पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त. भरतीच्या फॉर्मवर "व्यसन: तंबाखू" लिहितो आणि विसरतो. निकोटिन गम लिहिता येतं. बिडी ओढणारा क्लोझापिनवर (स्किझोफ्रेनियाचं औषध) असेल तर आणखी एक भानगड. बिडी बंद झाली की त्याच डोसला रक्तातलं क्लोझापिन चढतं, मग सुस्ती, लाळ, कधी फिट. हे धुरामुळे होतं, मळून खाणाऱ्याला लागू नाही.

सातारी_सून:
वॉर्डात तंबाखू द्यायची चर्चा चाललीय? माझे सासरे जबड्याच्या कॅन्सरने गेले. शेवटी तोंड उघडत नव्हतं, ताक चमच्याने पाजायचो.

कक्षसेवक_७:
माझा बापही त्यानेच गेला, ताई. म्हणून काय तिसऱ्या दिवशी रुग्णाला बांधू?

भावाची_बहीण:
माझा भाऊ बिडी ओढायचा. कुणी विचारलंच नाही.

निवृत्त_इन्चार्ज:
झालं, धागा तंबाखूवर गेला. पण मामाला एक विचारतो. रुग्ण भडकणार आहे हे तुला सिस्टरच्या आधी कळतं का?

कक्षसेवक_७:
अर्थात. आंघोळ मी घालतो. अंगाला हात लागला की कळतं, आखडलेलं असतं. सांगायला गेलं तर "तू तुझं काम कर" ऐकावं लागतं. ट्रेनिंगला मला कधी बोलावलं नाही, खुर्च्या मांडायला बोलावलं.

निवृत्त_इन्चार्ज:
खुर्च्या मांडायला मीच लावत होतो अशांना. असो.
रात्रपाळीबाई, तो तक्ता मराठीत करून टाका. माझी भाची सध्या एका वॉर्डात इन्चार्ज आहे, तिला पाठवतो. उपयोग होईल असं वाटत नाही, पण समोशापेक्षा स्वस्त पडेल.

रात्रपाळी:
टाकते. "गोंधळलेला" ऐवजी "कुठे आहे ते कळत नाही" लिहू का? मामांना सोपं.

कक्षसेवक_७:
मामांना गोंधळलेला कळतं, सिस्टर. सातवा रकाना घाला: तंबाखू मागतोय.

पीजी_दुसरं_वर्ष:
सातवा घातला तर तो ब्रोसेट राहत नाही. तीनची रेघ सहा रकान्यांसाठी तपासलेली आहे.

भावाची_बहीण:
मग रकाना नको. खाली एक ओळ ठेवा, पेन्सिलीने लिहायला. आणि "पाय थांबत नाहीत" पण.