पिन वाकते इतका कडक भुंगेरा: झोफेरिडी की टेनेब्रिओनिडी?

किडेखाना
वाळलेले सहा भुंगेरे ओळखायचे आहेत. लांबी 18 ते 22 मिलिमीटर, रंग मळकट काळा, पाठ फोडाफोडांची. दोन्ही ढालपंख, म्हणजे पाठीवरचे कडक पुढचे पंख, मधल्या रेषेत घट्ट जुळलेले, उचलायला जावं तर हलत नाहीत. किडे टोचायची दोन नंबरची पिन टेकवली की टोक घसरतं आणि जोर लावला की पिनच वाकते. डबीवर 'आयर्नक्लॅड' एवढंच लिहिलंय. जुन्या ओळख-तक्त्यात असे भुंगेरे टेनेब्रिओनिडी या कुलात (family) दिसतात, नव्यात झोफेरिडी कुलात. जुन्यात कोलिडिडी हे वेगळं कुल आहे, नव्या यादीत ते नावच नाही. कुल ठरवायचं कशावरून? आणि पिन लावायची कशी?

भिंगवाला
कडकपणा आधी बाजूला ठेवा, त्यावरून कुल ठरत नाही. जुळलेले ढालपंख आणि जाड कवच या गोष्टी भुंगेऱ्यांच्या कितीतरी शाखांत स्वतंत्रपणे आल्या आहेत. न उडणारे सोंडकिडेही पिनेला असेच दाद देत नाहीत.

पाय मोजा. 20 पट भिंगाखाली, बाजूने उजेड टाकून, प्रत्येक पायाच्या टोकाकडचे टार्ससचे खंड मोजायचे. पुढच्या आणि मधल्या पायाला पाच-पाच, मागच्याला चार आले, म्हणजे 5-5-4, तर टेनेब्रिओनिडी किंवा झोफेरिडीतलं झोफेरिनी उपकुल. सगळीकडे चार-चार आले तर झोफेरिडीतल्याच कोलिडिइनी उपकुलाकडे वळा, पण ते भुंगेरे बहुतेक काही मिलिमीटरचेच असतात, 20 मिलिमीटरचे नव्हेत. इथे हमखास चूक होते ती मळामुळे. टार्ससच्या बुडाचा पहिला खंड आखूड असला की मातीच्या थराखाली दिसतच नाही आणि पाचाचे चार मोजले जातात. बारीक ब्रश पाण्यात बुडवून तेवढा पाय आधी साफ करा.

मग शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, बघा. झोफेरिनीत त्या आखूड, जाड, आणि शेवटचे दोन-तीन खंड मिळून गच्च गदा झालेली. टेनेब्रिओनिडीत बहुधा 11 खंड सुटे मोजता येतात आणि शृंगिका टोकाकडे हळूहळू जाड होत जाते. शृंगिकेचं बूड डोक्याच्या कडेखाली लपलेलं आहे, यावर मात्र निर्णय देऊ नका. ते दोन्ही कुलांत असतं. भुंगेरा उलटा करून डोक्यामागच्या पहिल्या खंडाच्या खालच्या बाजूला शृंगिका दुमडून ठेवायची खोबण आहे का, तेही पाहा. झोफेरिनीतल्या फ्लिओडीस प्रजातीत (genus) ती स्पष्ट दिसते.

शेवटी पोट. पोटाच्या तिसऱ्या-चौथ्या आणि चौथ्या-पाचव्या पट्ट्यांच्या मधे चकचकीत पातळ पडदा दिसला तर टेनेब्रिओनिडी पक्कं. पडदा नसला म्हणून टेनेब्रिओनिडी नाही असं मात्र नाही. पिमेलिइनी उपकुलात, म्हणजे वाळवंटातल्या बऱ्याच काळ्या भुंगेऱ्यांत, तो नसतोच.

खोडाखाली
वरच्यात एक भर. ट्रोगिडी हे कुलही तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. तेही खडबडीत, मातीने माखलेले, हात लागला की मेल्याचं सोंग घेणारे, त्यामुळे डबीत गल्लत होते. पण त्यांच्या शृंगिकेचं टोक पानांच्या चवडीसारखं असतं आणि टार्सस 5-5-5. दोन सेकंदांत निकाल लागतो.

आता वर्गीकरण. झोफेरिडी हे नाव कीटकशास्त्रज्ञ सोलिए यांच्या 1834 सालच्या कामाशी जोडलेलं आहे, पण बराच काळ ही मंडळी टेनेब्रिओनिडीतच गणली जात. 1931 मध्ये बोविंग आणि क्रेगहेड यांनी अळ्यांच्या रचनेवरून त्यांना वेगळं काढलं. प्रौढ भुंगेरे एकमेकांची नक्कल वाटावेत इतके सारखे, पण अळ्या वेगळ्या. या गटात हे पुन्हापुन्हा घडतं. मोठी उलथापालथ 1999 ची. स्लिपिन्स्की आणि लॉरेन्स यांनी कोलिडिडी आणि मोनोमॅटिडी ही दोन्ही कुलं झोफेरिडीत विलीन केली. कोलिडिडीचं झालं कोलिडिइनी उपकुल, मोनोमॅटिडी गेलं झोफेरिनीच्या आत. म्हणून तुमचे दोन तक्ते एकमेकांशी भांडताहेत. तक्ता 1999 च्या आधीचा की नंतरचा, ते पाहून वापरा.

याचा परिणाम असा की एकाच कुलात एकीकडे सडक्या लाकडातली बुरशी खाणारे थोराड झोफेरस आले आणि दुसरीकडे सालीखालच्या बोगद्यांत शिरून इतर किड्यांच्या अळ्या खाणारे ऑलोनिअमसारखे चिंचोळे शिकारी. आणखी एक सापळा डॅस्टार्कसचा. लाकूड पोखरणाऱ्या लांबशिंगी भुंगेऱ्यांवर परजीवी म्हणून वापरतात ती ही प्रजाती. जुन्या लिखाणात ती कोलिडिडीत सापडेल. ती झोफेरिडीत आणू नका, ती आता बोथ्रिडेरिडी या वेगळ्या कुलात आहे.

नावाच्या शेपटीकडेही लक्ष असू द्या. लकाँट यांनी 1851 मध्ये 'नोसोडर्मा डायबॉलिकम' म्हटलं, तीच जाती आज 'फ्लिओडीस डायबॉलिकस'. प्रजाती बदलली, तिच्या नावाचं व्याकरणातलं लिंग बदललं, म्हणून 'कम'चं 'कस' झालं. या दोन वेगळ्या जाती नव्हेत. तुमच्या मापाला ही बसते, पण ती कॅलिफोर्निया आणि आसपासची. नमुने कुठले आहेत हे कळल्याशिवाय जातीचं नाव चिकटवू नये.

पिनवाला
पिन टोचायची नाही, भोक पाडायचं. हाताने फिरवायचा छोटा ड्रिल घ्या, विजेचा नको. दोन नंबरची पिन 0.45 मिलिमीटर जाड असते, तिला 0.5 चं पातं. नमुना फोमच्या खोबणीत पाय मोकळे राहतील असा बसवा. जागा नेहमीचीच: उजवा ढालपंख, पुढून साधारण पाव अंतरावर, पिन खाली मधल्या आणि मागच्या पायांच्या मधे निघेल अशी. एखाद्या फोडावर सुरुवात केलीत तर पातं घसरणार, म्हणून दोन फोडांमधली सपाटी शोधा आणि दाब न देता पातं नुसतं फिरवत राहा. करड्या भुकटीचा ढीग वर येईल, तो ब्रशने झटकत जा.

कवच संपलं की पातं अचानक आत धसतं, कारण ढालपंखाखाली पोकळी असते. तिथेच पाती मोडतात आणि खालचा पायही तुटतो. भुकटी कमी झाली की हात सैल करा. खालचं कवचही तितकंच टणक, तेव्हा भोक आरपार न्या. अर्ध्यात थांबून पिन दाबलीत तर ती आत वाकते आणि बाहेर निघत नाही. पिन सैल वाटली तर खालून पाण्यात विरघळणाऱ्या गोंदाचा एक थेंब.

किडेखाना
5-5-4 आले, गच्च गदा, खालची खोबणही आहे. पण हे पाचच. सहाव्यावर निळसर पूड आहे आणि शृंगिकेला गदा नाही. सगळे एकत्र ओल्या पेटीत मऊ करून मग ड्रिल केलं तर चालेल? आणि या कवचात कॅल्शियम असतं का?

खोडाखाली
कॅल्शियम नाही, हे खेकड्याचं कवच नव्हे. फ्लिओडीस डायबॉलिकसच्या ढालपंखांत खनिज नसतं; कायटिन आणि प्रथिनं, त्यातही प्रथिनांचं प्रमाण उडणाऱ्या भुंगेऱ्यांपेक्षा जास्त. 2020 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात हा भुंगेरा 149 न्यूटनपर्यंतचा दाब सोसतो असं मोजलं गेलं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या सुमारे 39,000 पट. युक्ती मधल्या सांध्यात आहे. दोन्ही ढालपंखांच्या कडा चित्रकोड्याच्या तुकड्यांसारख्या एकमेकींत अडकतात, आणि जोर वाढला की तुकड्याची मान तटकन मोडण्याऐवजी आतले थर जरासे सुटतात व ताण पसरतो.

पिनवाला
सहावा पेटीत घालू नका. वर्णनावरून तो अ‍ॅस्बोलस व्हेरुकोसस वाटतो, म्हणजे टेनेब्रिओनिडी. निळी पूड म्हणजे कोरड्या हवेत अंगावर येणारा मेणाचा थर. ओलाव्याने तो काळवंडतो आणि अ‍ॅसिटोनने पुसलात तर कायमचा जातो. त्याला कोरडाच ड्रिल करा, बोटांऐवजी मऊ चिमट्याने धरून.

बाकी पाच 24 ते 48 तास ओल्या वाळूच्या बंद डब्यात, बुरशी येऊ नये म्हणून थायमॉलचे दोन-तीन खडे टाकून. यात सैल होतात ते पायांचे सांधे. ढालपंख तसेच टणक राहतात, ड्रिल लागणारच. पाय आधी मांडा, दोन दिवस वाळू द्या, भोक त्यानंतर. ओल्या कवचाची भुकटी पात्याला चिकटते आणि भोक वेडंवाकडं होतं.