गायक वजा केला, एवढंच?

जॉन पेट्रुची हा ड्रीम थिएटर या रॉक बँडचा गिटारवादक. त्याचा 'टर्मिनल व्हेलॉसिटी' (२०२०) हा एकल अल्बम म्हणजे ड्रीम थिएटर वजा गायक, असं एक मत वाचलं; ते अजिबात पटलं नाही. इथे बँडमधल्या जॉर्डन रुडेसचा कीबोर्डही नाही. त्यामुळे चाल एकट्या गिटारला गावी लागते. शिवाय डेव्ह लारूच्या बास गिटारला मोकळी जागा मिळते. हेडफोन लावून एकदा फक्त या बासकडे लक्ष द्या. लॅपटॉपच्या स्पीकरवर हे खालचे स्वर गळून पडतात आणि उरतो तो नुसता वेग! पेट्रुचीच्याच २००५च्या 'सस्पेंडेड ॲनिमेशन' अल्बममध्येही बास लारूचाच होता, ड्रम्स मात्र डेव्ह डिचेन्सोचे. पंधरा वर्षांनी, 'टर्मिनल व्हेलॉसिटी'त, ड्रम्सवर माइक पोर्टनॉय आला, २०१०मध्ये ड्रीम थिएटर सोडलेला. २०२३मध्ये तो बँडमध्ये परतला, पण पेट्रुची आणि त्याचं वाजवणं पुन्हा जुळलं ते आधी इथे.