हळद-लसणानं ब्रॉयलर खरंच वाढतो का?

तूसवाला: मागच्या दोन बॅचना टनभर खाद्याला ५ किलो हळद आणि थोडी लसूण पावडर घातली, पक्षी ३८ दिवसांत २ किलोला आले, मरतुक कमी आणि मुख्य म्हणजे शेडमधे शिरलं की अमोनियानं डोळे चुरचुरायचे ते गेलं, खाली अंथरलेलं तूस मुठीत घेतलं तर भुरभुरीत. युरोपात २००६ पासून वाढीसाठी अँटिबायोटिक बंद आहे, तिथं काय कोंबड्या वाढत नाहीत?

शंकासुर: वाढतात, पण हळदीवर नाही ओ. लसी, एन्झाइम, प्रोबायोटिक, हवा खेळती, गर्दी कमी, एवढं सगळं करून. बाजूला बिनहळदीचा लॉट ठेवलेला का? त्याच हॅचरीची पिल्लं, तेच खाद्य? नसेल तर श्रेय हळदीलाच का, हवामानाला का नको? शिवाय हळदीतलं मुख्य द्रव्य कर्क्युमिन रक्तात जेमतेम उतरतं.

तूसवाला: आतड्यातच काम आहे तर रक्तात कशाला उतरायला हवं? तूस कोरडं म्हणजे विष्ठा घट्ट, पोट ठीक. बाजूला लॉट नव्हता, मान्य. पण एफसीआर, म्हणजे किलोभर वजनाला लागणारं खाद्य, १.६८ चा १.६० झाला, २ किलोच्या पक्ष्यामागं १६० ग्रॅम खाद्य वाचलं, हजार पक्ष्यांचं १६० किलो, ते काय हवेतनं आलं?

शंकासुर: आधीच्या बॅचला पाण्याचे निपल गळत असतील तरी एवढा फरक पडतो 😄 आणि खाद्याच्या गोळ्या (पेलेट) करणाऱ्यांनी लसूण घालून फारसा उपयोग नाही, वाफेच्या उष्णतेत अर्क बराचसा उडून जातो.

चोचीवाली: नैसर्गिक म्हटलं की लोक हात सैल सोडतात, मीही सोडला. कडुनिंबाचा पाला जास्त पडला, कडू लागलं म्हणून पिल्लं चोचीनं खाद्य बाहेर उडवायला लागली, आठवड्यात वजनं मागं पडली. दुसऱ्या बॅचला विष्ठेत रक्त दिसलं तरी ओव्याच्या अर्कावर दोन दिवस काढले, कॉक्सी (आतड्याचा परजीवी रोग) होती, मर वाढल्यावर मुकाट्यानं पाण्यातनं औषध सोडलं. ते दोन दिवस मी घालवायला नको होते.

तूसवाला: रक्त दिसल्यावर मीपण औषधच देणार, कोण नाही म्हणतंय? पुढच्या बॅचला मधे जाळी मारतो, अर्धे हळदीवर अर्धे साध्यावर.

शंकासुर: पिल्लं टाकताना तगडी तगडी हळदीकडं नका टाकू म्हणजे झालं. मेलेलेपण दोन्हीकडचे वेगवेगळे लिहा.