शब्दचर्चा : ‘स्लॅपस्टिक’ आणि फ्रेंच विनोदी चित्रपट

प्रश्न : मूकपटांतला विनोदी नट माक्स लँदेर ते दिग्दर्शक-नट झाक ताती यांच्यापर्यंतच्या फ्रेंच चित्रपटांवर लिहिताना ‘स्लॅपस्टिक’ला, म्हणजे पडापडी-मारामारीच्या विनोदाला, मराठी शब्द कोणता? ‘आचरट विनोद’, ‘धांगडधिंगा’ यांत नाक मुरडल्याचा वास येतो. ‘आंगिक विनोद’ कसा वाटतो?

मनू : आधी वस्तू बघा. स्लॅपस्टिक म्हणजे इटालियन मुखवटा-नाट्यातल्या आर्लेकिनो या विदूषकी नोकराची काठी. फ्रेंचमध्ये ‘बात’. दोन पातळ लाकडी पट्ट्या मुठीशी जोडलेल्या, पुढे मोकळ्या, मध्ये थोडी फट. मारलं की पट्टीवर पट्टी आपटते : आवाज मोठा, मार नावाला. फट फार रुंद झाली तर पट्ट्या नीट मिटत नाहीत, उरलीच नाही तर साध्या फळीसारखा ठोका येतो आणि समोरच्याला खरंच लागतं. ऑर्केस्ट्रातलं ‘फुए’ (चाबकासारखा आवाज काढणारं वाद्य) हे याच्याच जातीचं; फ्रेंच संगीतकार राव्हेलच्या जी मेजर पियानो कॉन्चेर्तोची सुरुवात त्याच फटकाऱ्याने होते. म्हणजे मूळ शब्दात ‘अंग’ नाहीच, आवाज आणि खोटा मार आहे. ‘आंगिक’मध्ये तर भरतनाट्यमही बसेल!

रेवती : फ्रेंच लोक स्वतः ‘स्लॅपस्टिक’ क्वचितच म्हणतात. त्यांचा शब्द ‘ब्युर्लेस्क’, मूळ इटालियन ‘बुर्ला’, म्हणजे थट्टा. मराठीत नुसतं ‘बर्लेस्क’ लिहू नका, वाचकाला कॅबरे आठवेल. माझी सूचना : ‘फजितीपट’. आणि ‘गॅग’साठी, म्हणजे एकेका विनोदी प्रसंगासाठी, दोन शब्द ठेवा. कुणी मुद्दाम केली तर ‘खोडी’, आपोआप ओढवली तर ‘फजिती’.

मनू : खोडीचा नमुना ल्युमिएर बंधूंच्या 1895 च्या ‘लारोझर आरोझे’त आहे. माळी पाणी घालतोय, पोरगा मागून नळीवर पाय देतो. पाणी थांबलं म्हणून माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पाय उचलला जातो, फवारा थेट चेहऱ्यावर. नंतर माळी पोराला पकडून पुन्हा पुढे आणतो आणि मग बदडतो. का? कॅमेरा एकाच जागी रोवलेला. चौकटीबाहेर दिलेला मार कुणाला दिसणार? सगळं मिनिटाच्या आत.

प्रश्नकर्ता : त्या शीर्षकाचा वाक्प्रचारही झालाय ना? ‘डाव अंगाशी आला’ चालेल?

रेवती : वाक्प्रचाराला चालेल, चित्रपटाला नाही. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘दुसऱ्यावर डाव टाकणाऱ्यावरच तो उलटला’ असा. चित्रपटात मात्र भिजतो तो माळी, आणि त्याने कुणावरही डाव टाकलेला नाही! तिथे शब्दशः ‘भिजवणाराच भिजला’ ठेवा. तसंच ‘तार्त आ ला क्रेम’चं. अक्षरशः क्रीमचा केक, पण फ्रेंच समीक्षेत दिसला की आधी संदर्भ तपासा. नाटककार मोलिएरच्या 1663 च्या एका नाटकापासून त्याला ‘घासून गुळगुळीत झालेली गोष्ट’ असाही अर्थ चिकटलाय. प्रत्येक ठिकाणी तोंडावर केक फेकला तर घोटाळा होईल.

सदू : ‘फजितीपट’वर हरकत. तातीच्या ‘प्लेटाइम’मध्ये (1967) रेस्तराँचं काचेचं दार फुटतं. दारवान उरलेली मूठ हवेत धरून दार उघडल्याचा आविर्भाव करत राहतो, आणि गिऱ्हाईकं मुकाट आत येतात. कुणाला फटका नाही, कुणाची फजिती नाही. उलट होऊ घातलेली फजिती झाकली जाते. तातीच्याच ‘मस्य उलोची सुट्टी’ या चित्रपटात (1953) भोजनगृहाचं झुलतं दार नुसता ‘ट्वँग’ आवाज करतं, हाच विनोद. त्यात अंगाचा काय संबंध?

रेवती : हरकत मान्य. मग लँदेर आणि मुक्या जमान्यासाठी ‘फजितीपट’, तातीसाठी नुसता ‘दृश्य-ध्वनी विनोद’. एकाच शब्दाचा हट्ट नको.

सदू : उच्चारही सांभाळा. ‘लिंडर’ नव्हे, ‘लँदेर’. आणि विनोदी नट लुई द फ्युनेसच्या नावातला शेवटचा ‘स’ खाऊ नका, तो उच्चारतात.