एक रुपयाचा पीक विमा बुडाला. आता तरी मान्य करायचं का, सरकारला योजना चालवता येत नाहीत?
(ही चर्चामंचावरची चर्चा आहे; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

ताळेबंद
२०२३ च्या खरिपात राज्याने पीक विमा एक रुपयात दिला. हप्त्यात शेतकऱ्याचा हिस्सा संरक्षित रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना ५ टक्के असतो. तो राज्याने स्वतःच्या अंगावर घेतला. त्या खरिपात १ कोटी ७० लाखांच्या आसपास अर्ज आले. पुढे निघालं काय? देवस्थानच्या जमिनीवर विमा, गायरानावर विमा, सातबारा एकाचा आणि खातं भलत्याचं, कांद्याची पात नाही तिथे कांद्याचा विमा. २०२५ च्या खरिपात एक रुपया गेला आणि जुना हिस्सा परत आला.

जमीन देवस्थानची आहे हे सरकारच्याच दप्तरात लिहिलेलं असतं. ते ज्याला अर्ज घेताना दिसत नाही, त्याच्या हाती नवी योजना द्यायचीच कशाला? तेलंगणाने २०१८ मध्ये रयतु बंधू आणून एकराच्या हिशेबाने पैसे थेट दिले. ना पंचनामा, ना कंपनी. आपणही पैसे टाकावेत आणि सरकारने बाजूला व्हावं.

खरीप-रब्बी
बोगस अर्ज आले हे खरं, पण ते कुठल्या दारातून आले ते बघा. अर्ज भरून देणाऱ्या सेवा केंद्राला दर अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये मिळत होते आणि शेतकऱ्याच्या खिशातून जात होता १ रुपया. भरणाऱ्याला तोशीस नाही, भरून घेणाऱ्याला कमाई. पिकाचा पुरावा म्हणून पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र, म्हणजे आपणच आपल्याला दिलेला दाखला. अशा दारावर कोणालाही बसवा, अर्ज फुगणारच.

दुसरी गोष्ट तारखांची. खरिपाच्या विम्याची मुदत साधारण ३१ जुलै. २०२४ आणि २०२५ ला ई-पीक पाहणी सुरूच झाली १ ऑगस्टला. म्हणजे शेतात काय उभं आहे याची सरकारी नोंद जन्माला येण्याआधी विमा उतरवून झालेला. मग पडताळणी मागाहून, आणि तीही लाखोंच्या गठ्ठ्यात. याला आळस म्हणू नका, हे वेळापत्रकच उलटं बांधलेलं आहे.

आणि रयतु बंधूच्या आधी तेलंगणाने २०१७ ला जमिनीच्या नोंदी गावोगाव दुरुस्त करायची मोहीम घेतली होती, ते तुमच्या पोस्टमध्ये राहिलं. नोंदी नीट नसतील तर थेट पैसेही देवस्थानच्याच खात्यावर जातील. बटईने कसणाऱ्याला तर तिथेही काही मिळालं नाही.

ताळेबंद
वेळापत्रक उलटं बांधलं ते कोणी, खरीप-रब्बीसाहेब? आखणी सरकारची, निविदा सरकारची. गवंडीही तुम्ही, नकाशाही तुमचाच, मग भिंत वाकडी झाली की दोष ओळंब्याला?

बांधावरून
बोगस-बिगसचं बाजूला ठेवा. लोकांचा विश्वास उडाला तो खात्यावर आलेल्या आकड्यामुळे. हेक्टरी पन्नास हजाराचं संरक्षण म्हणायचं आणि खात्यात हजार-बाराशे. हे कुठल्या गणितात बसतं ते कोणीतरी सांगा एकदा.

कापणीप्रयोग
सांगतो, आणि लांबण लागणार, कारण हे गणित अर्ज भरताना कोणीच समजावत नाही.

नुकसानीचे दोन हिशेब आहेत. पहिला वैयक्तिक: गारपीट, शेतात पाणी साचणं वगैरे. ७२ तासांत पीक विम्याच्या ॲपवर, १४४४७ या हेल्पलाइनवर किंवा कृषी कार्यालयात कळवायचं. नियमाने ४८ तासांत पाहणी करणारा नेमायचा, १० दिवसांत पाहणी, अहवालानंतर १५ दिवसांत पैसे. यात भरपाई पूर्ण संरक्षित रकमेवर मिळत नाही. नुकसानीच्या दिवसापर्यंत पिकावर किती टक्के खर्च झाला असेल ते धरतात. २० गुंठे सोयाबीन, हेक्टरी ५०,००० धरा: संरक्षण झालं १०,००० चं. तोवरचा खर्च ४५ टक्के, नुकसान ३० टक्के. १०,००० × ०.४५ × ०.३० = १,३५० रुपये. हंगामाच्या शेवटी आणखी काही निघालं तर हे आधीचे पैसे त्यातून वजा.

दुसरा हिशेब मंडळाचा. इथे तुमचं शेत मोजतच नाहीत, महसूल मंडळाचं, म्हणजे काही गावांच्या गटाचं, सरासरी उत्पादन मोजतात; तेही निवडक शेतांतलं पीक कापून, म्हणजे कापणी प्रयोगाने. मागच्या ७ वर्षांतली चांगली ५ घ्यायची, सरासरी काढायची, तिला जोखीमस्तराने, म्हणजे सरासरीच्या किती टक्क्यांपर्यंत संरक्षण आहे त्याने, गुणायचं. आपल्याकडे तो ७० टक्के. उदाहरण घ्या. सात वर्षांचं हेक्टरी उत्पादन किलोत: १५००, १२००, ९००, १६००, ७००, १४००, १३००. चांगल्या पाचांची सरासरी १४००. त्याचे ७० टक्के, म्हणजे ९८०. हे उंबरठा उत्पादन. यंदा मंडळात ८५० निघालं तर तूट १३० ची. १३० भागिले ९८०, गुणिले ५०,०००, म्हणजे हेक्टरी साधारण ६,६३० रुपये. आणि १,००० निघालं तर? शून्य. सरासरीपेक्षा साधारण २९ टक्के कमी पिकूनही शून्य, कारण उत्पादन उंबरठ्याच्या खाली गेलेलं नाही. तुमच्या शेतात ३०० किलोच झाले असतील तरी हिशेब मंडळाचाच. शेजारच्या गावात पाऊस बरा झाला की तुमचा विमा गेला.

लोक याला चोरी म्हणतात. ही चोरी नाही, पण लोकांना न सांगितलेली अट आहे, आणि कागदावर सही घेणाऱ्याने ती सांगायला हवी होती.

बांधावरून
म्हणजे भरपाई मंडळाची आणि कर्ज आमचं. बरं, कळलं. पण वैयक्तिक हिशेबाचं तुम्ही जे सांगितलंत ते २०२५ ला राज्याने काढूनच टाकलं ना? स्थानिक आपत्ती, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, पेरणीच न होणं, काढणीनंतरचं नुकसान, सगळं बाहेर. उरला फक्त कापणी प्रयोग. आणि त्याच सप्टेंबरात मराठवाड्यात नद्या शेतात शिरल्या. जमीन खरवडून गेली, ७२ तासांत कळवायचं कोणाला?

ताळेबंद
हेच म्हणतोय मी. बोगसगिरी अर्जाच्या खिडकीत झाली आणि कात्री लागली संरक्षणाला.

खरीप-रब्बी
इथे मात्र तुमच्याशी सहमत. ॲग्रीस्टॅक या डिजिटल शेतकरी नोंदणीचा ओळख क्रमांक आणि ई-पीक पाहणी सक्तीची केली, ते योग्य. कलमं काढली त्याला माझ्याकडे बचाव नाही.

पण त्या पुरात पैसे आले कुठून ते बघा. आपत्ती निधीतून, म्हणजे सरकारी यंत्रणेतूनच. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायकाचा पंचनामा. कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००. त्याला निविदा लागत नाही. ज्या सरकारला काही जमत नाही म्हणता त्याचेच तीन कर्मचारी चिखल तुडवत गेले.

बांधावरून
गेले खरं. पण तिथेही ३३ टक्क्यांची रेघ आहेच. नुकसान तिच्या खाली दाखवलं की हातात काही नाही. आणि ही टक्केवारी बांधावरून नजरेनेच ठरते.

नाममात्र
खासगी कंपन्या हटवा, सगळं सुतासारखं सरळ होईल. कंपन्यांनीच खाल्लं.

कापणीप्रयोग
इतकं सोपं नाही. बीडला २०२० च्या खरिपात ८०-११० ची पद्धत सुरू झाली ती पुढे राज्यभर आली. भरपाई जमा हप्त्याच्या ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार राज्यावर. ८० टक्क्यांच्या खाली राहिली तर कंपनीने २० टक्के ठेवून बाकी परत करायचे. १०० रुपये हप्ता, भरपाई ५०: कंपनीला २०, राज्याला परत ३०. अमर्याद खाण्याला यात जागा नाही. (२० टक्के थोडे आहेत असं माझं म्हणणं नाही.) आणि बीडला ही पद्धत घेणारी ॲग्रिकल्चर इन्शुरन्स कंपनी सरकारीच आहे. तिच्या काळातही लोक याच तक्रारी घेऊन उभे होते.

खरा घोळ प्रयोगाच्या शेतात होतो. गट क्रमांक चिठ्ठीने निवडायचा, ठरलेल्या मापाची चौकट आखायची, त्यातलं पीक कापून, मळून वजन करायचं, मग वाळल्यावर पुन्हा वजन. बिघडतं ते असं: निवडलेल्या गटातलं पीक आधीच काढलेलं, म्हणून ऐनवेळी दुसरं शेत. ओल्या शेंगांचं वजन घेतलं आणि वाळल्यावरचं घ्यायचं राहून गेलं. गावाचा दबाव उत्पादन कमी दाखवायचा, कंपनीच्या माणसाचा जास्त दाखवायचा, मध्ये एकटा कृषी सहायक, ज्याच्या अंगावर त्याच आठवड्यात चार गावं असतात. मग कंपनी आक्षेप घेते, प्रकरण समितीकडे जातं आणि दिवाळी निघून जाते. राज्याचा हप्ता उशिरा गेला की आणखी उशीर.

सहकारखातं
कुवतीचाच प्रश्न असेल तर एक जोडी बघा. २०१७ ची कर्जमाफी: ऑनलाइन अर्ज, कुटुंब हा निकष, नवरा-बायकोचे आधार, भलीमोठी रकान्यांची यादी, संकेतस्थळ बंद पडायचं, मुदतवाढीवर मुदतवाढ. २०१९ च्या डिसेंबरात जाहीर झालेली महात्मा फुले कर्जमुक्ती: अर्जच नाही. थकबाकीची माहिती बँकांनी भरली, गावात यादी लागली, प्रत्येक खात्याला विशिष्ट क्रमांक. केंद्रावर जाऊन अंगठा लावायचा आणि आकडा पटला तर होकार, नाही तर जिल्हा समितीकडे तक्रार. पहिली यादी २०२० च्या फेब्रुवारीतच. राज्य तेच, खातं तेच, शेतकरीही तेच. जी माहिती बँकेकडे होती ती शेतकऱ्याला पुन्हा लिहायला लावली नाही, एवढाच फरक.

ताळेबंद
उदाहरण चांगलं आहे, मानतो. पण त्याच योजनेत नियमित फेडणाऱ्यांना ५० हजार प्रोत्साहन जाहीर केलं होतं, त्याचे पैसे यायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. सरकारला माफ करायला जमतं, शब्द पाळायला नाही.

सहकारखातं
तिथे तिजोरी अडली होती, यंत्रणा नव्हे. शब्द मोडला हे तुमचं बरोबर, पण त्याचं उत्तर अर्थ खात्याने द्यायचं.

बांधावरून
तिजोरी आणि यंत्रणा तुमच्यासाठी वेगळी, आम्हाला खिडकी एकच दिसते. कापणीप्रयोग, एवढं सांगा: आमच्या मंडळात प्रयोग कुठल्या गटात आहे, कुठल्या दिवशी आहे, हे आधी कळायला काय करायचं?

कापणीप्रयोग
तालुका कृषी अधिकाऱ्याकडे गटांची यादी लेखी मागा आणि पोच घ्या. प्रयोगाच्या दिवशी तीन-चार जणांनी चौकटीजवळ उभं राहा, वजनाच्या आकड्याचा फोटो काढा. वाळल्यानंतरच्या वजनालाही जा. लोक पहिल्या दिवशी गर्दी करतात आणि दुसऱ्या वजनाला कोणी फिरकत नाही. उंबरठ्याशी तुलना मात्र त्या दुसऱ्या आकड्याची होते.